बागेतला चार्जर

लाल वायर काळ्याच्या जागी लागली आणि देवानंदच्या हातातलं कार्ड जळालं. बारीक धूर निघाला, प्लास्टिकचा वास आला, संपलं.

तो मोटारसायकल काढून मोर्शीला गेला. योगेशच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातूनच त्याने परवा सगळं सामान घेतलं होतं. वहीएवढं सोलर पॅनल, दोन हात वायर आणि पॅनलची वीज फोनला सोसेल इतकी कमी करणारं ते कार्ड.

"उलटं जोडलं काय?" योगेशने विचारलं.

"हो. पहिल्यांदाच करून राहिलो."

"मंग एवढी मगजमारी काहून? घरी लावा ना चार्जिंगले."

"घरी खुशी आहे. फोन दिसला की सोडत नाही."

"इथं ठेवून जा. तासाभरात फुल करून देतो."

"नाही," देवानंद म्हणाला. "फोन हातातून सोडता येत नाही मले."

देवानंदची बायको रागिणी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, भांडून घरातून निघून गेली, हे योगेशच्याही कानावर आलं होतं. दीड महिना होत आला होता. सात वर्षांची खुशी आजीजवळ होती आणि देवानंद संत्र्याच्या बागेतल्या झोपडीत राहायला गेला होता. घरात पाय ठरत नाही, असं तो सांगायचा. योगेशने नवीन कार्ड दिलं. कोणती वायर कुठे लावायची, त्याचं चित्र एका चिठ्ठीवर काढून दिलं.

बागेत लाइन नव्हती. डीपीचा ट्रान्सफॉर्मर जळून पंधरा दिवस झाले होते. देवानंदने पॅनल खाटेवर उताणं ठेवलं, चिठ्ठी समोर धरली आणि एकेक तार सावकाश पिळून बसवली. कार्डावरचा लाल दिवा लागला. क्षणात विझला. पुन्हा लागला, पुन्हा विझला.

दुपार गेली. त्याने तारा सोडल्या, जोडल्या, दातांनी सोलून नव्या केल्या. बोटं सोलली गेली. सकाळी आईने पाठवलेला डबा तसाच राहिला. ऊन उतरलं तेव्हा दिवाही लागेना.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास धुऱ्यावर, बागेच्या बांधाशी, मोटारसायकल थांबली. अमोल होता, रागिणीचा मोठा भाऊ. तिवशाला वायरमनचं काम करायचा. आला तो बोलतच आला.

"जवाईबापू, तुमचा फोन बंद, तिचाही बंद. काय समजावं माणसानं?"

"माहा फोनही चार्ज नाही, अमोलभाऊ. लाइनच नाही इथं."

अमोल खाटेच्या कडेला बसला. त्याचे डोळे लाल होते.

"आधी मेसेज तरी यायचा तिचा. पुण्यात आहो, कामाले लागली, काळजी नको करू. उचलायची नाही, पण दोन दिवसाआड मेसेज टाकायची. आता आठ दिवस झाले, काहीच नाही."

"माह्याशी तर तेही नाही," देवानंद म्हणाला.

"माय जेवत नाही आमची. म्या ठरवलं आता. सोमवारी ठाण्यात रिपोर्ट लिहितो. फोन शेवटचा कुठं चालू होता, हे काढता येते म्हणते त्याईले."

देवानंदने मान खाली घातली. वायरचं टोक तो बोटाभोवती गुंडाळत राहिला.

"दोन दिवस थांबा," तो हळू म्हणाला. "रागात आहे ते. पोलीस दारात गेले तर कधीच येणार नाही."

अमोलला ते पटलंही आणि नाहीही. मग त्याची नजर खाटेवर गेली.

"हे काय करून राहिले?"

"फोनसाठी. तिनं लावला अन् बंद लागला तर?"

अमोलने तोंड फिरवलं. नाक पुसलं. मग गाडीच्या डिकीतून पक्कड, स्क्रू ड्रायव्हर आणि मीटर घेऊन आला.

"सरका. असं नाही होत."

त्याने मीटर लावला, आकडा पाहिला आणि वर पाहिलं. संत्र्याची एक फांदी पॅनलच्या कोपऱ्यावर सावली धरून होती.

"एवढीशी सावली पडली तरी सगळं पॅनल बसते," तो म्हणाला. दोघांनी मिळून खाट उन्हात ओढली. अमोलने पॅनलखाली वीट देऊन ते दक्षिणेकडे कलतं केलं. पिळलेल्या तारा सोडून नीट सोलल्या, स्क्रूखाली घट्ट आवळल्या. दिवा लागला आणि लागलेलाच राहिला.

देवानंद उठून झोपडीकडे निघाला, तसं अमोलने त्याला थांबवलं.

"तुमचा नको. आधी माहा लावू. तुमचा जळाला तर तिनं कुठं लावावा फोन?"

अमोलच्या फोनवर चार्जिंगची खूण आली. पंधरा मिनिटं दोघे तिच्याकडे पाहत बसले. आकडा दोनने वाढला.

"झालं," अमोल म्हणाला. उठताना त्याने देवानंदच्या खांद्यावर हात ठेवला. "माह्या मनात काय काय आलं होतं तुमच्याबद्दल. खोटं काहून बोलू. माफ करजा."

"बहीण आहे तुमची," देवानंद म्हणाला. "मनात येईनच."

"जेवत जा. खुशीकडे पाहा."

मोटारसायकल धुऱ्यावरून गेली. तिचा आवाज पार विरेपर्यंत देवानंद उभा राहिला. मग झोपडीत जाऊन त्याने खताच्या पोत्यांमागची प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्यात एक मंगळसूत्र होतं, दोन जोडवी होती आणि फोन होता.

फोन त्याने चार्जरला लावला. अर्ध्या तासाने पडदा उजळला. अमोलचे अकरा मेसेज एकापाठोपाठ एक आले. ते सगळे नीट वाचून झाल्यावर देवानंद एका बोटाने लिहू लागला.

'दादा, मी बरी आहो. फोन बिघडला होता. ठाण्यात जाऊ नको.'