अकरावं घर

यादीतलं अकरावं घर नलूताईचं निघालं आणि उदयला हसूच आलं. सर्वेक्षण देशाच्या मध्यवर्ती बँकेचं, घरं निवडणार कॉम्प्युटर, आणि अख्ख्या भोपाळात त्या शहाण्याला साकेत नगरातली उदयची सख्खी बहीणच सापडावी! यादीतलं घर बदलायचं नाही असा नियम. नाहीतरी सकाळपासून जिने चढून पाय दुखत होते. चहा तरी मिळेल म्हणून त्याने बेल दाबली.

चहाबरोबर पोहेही आले. भाऊजी कुठे, असं विचारलं तर ताई म्हणाली, इंदूरला गेलेत त्यांच्या लॅबच्या कामाने. हातातल्या पाटल्या पॉलिशला दिल्यात म्हणाली. उदय सावरून बसला आणि परक्या घरी वाचावेत तसे ठरलेल्या शब्दांत प्रश्न वाचू लागला. वर्षभरापूर्वीपेक्षा घरची परिस्थिती कशी आहे? सुधारली, तशीच आहे, की बिघडली?

"सुधारली," ताई म्हणाली. "सगळीकडे सुधारलीच लिही. आमचं काय वाईट चाललंय?"

उदयने लिहिलं. बँकेतले मोठमोठे लोक हीच उत्तरं जुळवून देशाचं कसं चाललंय ते ठरवतात, हे त्याने ताईला आजवर दहादा तरी ऐकवलं होतं. कोचिंग क्लास बंद पडल्यावर कशीबशी मिळालेली ही नोकरी. आता चार वर्षं झाली होती, आणि दिवाळीनंतर सुपरवायझर करतो, असं बँकेसाठी हे सर्वेक्षण करणाऱ्या एजन्सीच्या जयंतरावांनी कबूल केलं होतं.

दहा दिवसांनी त्याच जयंतरावांनी त्याला एम. पी. नगरच्या ऑफिसात बोलावलं. दर दहा घरांमागे एका घरी ऑफिसातून फोन जातो आणि तेच प्रश्न पुन्हा विचारले जातात. आपला माणूस खरंच दारात गेला होता की नाही, ते त्यातून कळतं. अकराव्या घराचं एकही उत्तर जुळत नव्हतं. जयंतरावांनी रेकॉर्डिंग लावलं.

परका आवाज हिंदीत विचारत होता, आणि परका म्हणूनच ताईने त्याला सगळं सांगून टाकलं होतं. लॅब मार्चमध्येच बंद झाली. मिस्टर इंदूरला एका गोदामावर वॉचमन आहेत. पाटल्या मोडल्या. परिस्थिती बिघडली, आणखी बिघडेल. मग तिचा आवाज खाली आला.

"किसी को बताना मत, भैया. मेरा भाई इसी शहर में रहता है."

उदयला रविवार आठवले. दर रविवारी त्या घरी जेवायला जातो आपण. ताट चाटूनपुसून खातो, वर देशाच्या गप्पा मारतो. डोळे काय गहाण टाकले होते? त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

जयंतराव म्हणाले, गेला होतास तर तसं सांग, आत्ताच बाईंना फोन लावतो, तुझ्यासमोर विचारू. गेला नसशील, तर उद्यापासून येऊ नकोस. त्यांनी नंबर फिरवायला घेतलाही. ताईने फोन उचलला असता आणि परिस्थिती बिघडली, हे तिला भावाच्या देखत म्हणावं लागलं असतं.

"नका लावू फोन," उदय म्हणाला. "मी गेलोच नव्हतो. फॉर्म घरी बसून भरला."

जयंतरावांनी त्याचं ओळखपत्र मागून घेतलं. तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती, असंही म्हणाले.

रविवारी उदय नेहमीसारखा साकेत नगरला जेवायला गेला. तो नको नको म्हणत असताना ताईने दुसरी पोळी वाढली.

"साऱ्या भोपाळला विचारत फिरतोस," ती हसत म्हणाली. "तुझी रे परिस्थिती कशी?"

उदयने ती पोळी उचलून तिच्या ताटात ठेवली.

"सुधारली," तो म्हणाला.