खिडकीकडे पाठ

वास्तुविशारद जेवणघरात आले आणि टेबलापाशी थबकले. एकसंध फळीच्या त्या दहा फुटी टेबलावर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग होता. बाहेर, या घराचे फोटो काढायला आलेला मासिकाचा छायाचित्रकार गाडीतून सामान उतरवत होता.

"तुम्ही इथे जेवत नाही?" त्यांनी घरच्या सुनेला विचारलं.

नाही, ती म्हणाली. महिना झाला, सगळे स्वयंपाकघरातच बसतात, जुन्या घडीच्या टेबलावर.

त्यांना ते लागलं. या खोलीसाठी त्यांनी जिवाचं रान केलं होतं. जमिनीपासून छतापर्यंत काच, काचेला लागून पक्का बसवलेला बाक, टेबलाचा दगडी पाया थेट फरशीत रोवलेला. काय खटकलं ते तरी सांगा, असं ते जरा कडकच बोलले.

सुनेनं कपडे बाजूला केले आणि त्यांना समोरच्या खुर्चीत बसवलं. ही सासऱ्यांची जागा. गुडघ्यांमुळे त्यांना बाकावर सरकता येत नाही. ती स्वतः काचेकडे पाठ करून बाकावर बसली आणि आवाज न काढता काहीतरी बोलली.

वास्तुविशारदांना तिची नुसती काळी आकृती दिसली. मागचं ऊन डोळ्यांवर येत होतं.

"काय म्हणाले मी?"

"कळलं नाही."

"बाबांना ऐकू येत नाही. ओठ बघून कळतं त्यांना. सात महिने ते समजत होते, नव्या घरात आल्यापासून आम्ही त्यांच्याशी बोलायचं सोडलंय."

रात्री तरी दिसत असेल, असं म्हणायला त्यांनी वर पाहिलं. दिवा त्यांनीच मुद्दाम खाली घेतला होता, उजेड फक्त ताटांवर पडावा म्हणून.

ते उठले. मग बाहेर जाऊन त्यांनी छायाचित्रकाराला परत पाठवलं आणि टेबल-बाक काचेपासून हलवायला सुताराला फोन लावला. पाया फोडावा लागेल, सुतार म्हणाला. फोडा, ते म्हणाले.

सासरे स्वयंपाकघरात चहा घेत होते. वास्तुविशारद उजेडाकडे तोंड करून त्यांच्यासमोर बसले आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "चुकलं माझं. कोण कुठे बसणार, ते मी विचारलंच नाही."

म्हाताऱ्यांनी कप खाली ठेवला.

"इतकं सावकाश नका बोलू," ते म्हणाले. "नेहमीसारखं बोला. दिसतंय मला."