जखमींच्या तंबूची जागा

वाळूवरून यंत्र फिरवता फिरवता रेहाना थांबली. माणूस जिथे पडून राहतो, तिथल्या मातीत त्याचा घाम, रक्त उरतं. यंत्र ते ओळखतं आणि दिवसही मोजतं. युद्धातली ती तात्पुरती छावणी उठून साठ वर्षं झाली होती. वडिलांची शेवटची जागा शोधायला आलेल्या सरोजिनीने सकाळीच आपल्या रक्ताचा थेंब यंत्राला दिला होता.

"ताई, तुमचे वडील इथे होते, जखमींच्या तंबूत," रेहाना म्हणाली. "एकोणीस दिवस."

"चुकतंय तुमचं काहीतरी. ते जखमी झाले त्याच दिवशी गेले. तशी तार आली होती घरी."

रेहानाने पुन्हा मोजलं. एकोणीसच.

सरोजिनी खाली बसली. म्हणजे आईच्या बांगड्या फोडल्या, दहावा घातला, तेव्हा बाबा इथे जिवंत होते. वाट बघत असतील.

तेवढ्यात आईचा फोन आला. नव्वदीतला तो थकलेला आवाज विचारत होता, "सापडली का गं जागा? फार हाल नाही ना झाले त्यांचे?"

सरोजिनीने वाळूवर तळहात टेकवला.

"नाही आई. लगेच गेले ते," ती म्हणाली, आणि रडू ऐकू जाऊ नये म्हणून तिने घाईने फोन ठेवला.