घरात न आणायची फुलं

"ती फुलं उंबऱ्याबाहेर ठेव," वरच्या खोलीतून म्हातारी एडिथ म्हणाली. आठ वर्षं ती अंथरुणाला खिळलेली, पण कान अजून तिखट.

मर्टलने कात्री आणि फुलं बाहेरच्या बाकावर ठेवली. तिच्या बागेतली अँजेलिकाची झाडं यंदा डोक्यावरून वर गेली होती. शेपूच्या फुलोऱ्यासारख्या पांढुरक्या छत्र्या, पण ताटाएवढ्या. गावच्या फुलांच्या प्रदर्शनात चार वेळा पहिलं बक्षीस मिळवलेली ही झाडं. त्यांची एक काडी घरात आणायची मात्र सोय नव्हती. यॉर्कशायरच्या त्या खेड्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, असली छत्रीची फुलं घरात आली की आई मरते.

"मरणाला एवढी घाबरतेस, आई?" मर्टलने एकदा चिडून विचारलं होतं.

"घाबरते," म्हातारी म्हणाली, आणि तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.

मर्टल आता सत्तावन्न वर्षांची. अठराव्या वर्षी, छाती कमजोर झाली म्हणून, सहा महिने लीड्सच्या मावशीकडे राहून आली होती. तेवढाच काय तो तिचा प्रवास. परतली ती अबोल होऊन. दर नऊ मार्चला ती एक लहानसा केक करायची, त्यावर एक मेणबत्ती लावायची आणि स्वयंपाकघरात एकटीच खायची. म्हातारीने त्यावर कधी चकार शब्द काढला नाही.

शेजारच्या विधुर सायलसने तिला दोनदा लग्नाचं विचारलं होतं. व्हिटबीला समुद्राजवळ त्याच्या भावाचं घर रिकामं होतं. आईला कुणाच्या गळ्यात घालू, म्हणून मर्टलने दोन्ही वेळा नाही म्हटलं. काल तो पुन्हा कुंपणापाशी आला.

"शनिवारी निघतोय मी, मर्टल. तिसऱ्यांदा विचारणार नाही."

तेव्हापासून मनात एकच विचार घर करून होता. त्याची तिला लाज वाटत होती, पण तो जाता जात नव्हता.

दुपारी म्हातारीचा डोळा लागल्यावर मर्टलने कवेत मावतील तेवढी फुलं आत आणली. जिन्यात ठेवली, खिडकीत ठेवली, शेवटी आईच्या उशाशी ठेवली. आपले हात थरथरत नाहीत, याचंच तिला भय वाटलं. मग खाली येऊन ती टेबलाशी बसून राहिली.

चार वाजता वर म्हातारीने जमिनीवर काठी आपटली. चहाची वेळ झाली होती.

मर्टलला हसू आलं आणि त्यातच रडूही फुटलं. कसला वेडेपणा करून बसलो आपण. "आणते हं, आई," म्हणत ती किटलीकडे वळली.

चहा वर आलाच नाही. वाट पाहून म्हातारीने कूस बदलली, तेव्हा तिला उशाशी फुलं दिसली. आठ वर्षांनी तिने पलंगावरून खाली पाय टाकले. भिंत धरत, पायरीपायरीवर बसत ती खाली उतरली. मर्टल चुलीपाशी पडली होती आणि किटलीतलं पाणी आटत आलं होतं.

म्हातारीने लेकीचं गार डोकं मांडीवर घेतलं.

"वेडे," ती म्हणाली, "या घरात आई काय मी एकटीच होते?"