वाटीतला चीक

एक फोटो. काचेची बशी, बशीभर सायीसारखा पांढुरका थर, थराच्या मधोमध एक स्वच्छ गोल.

सिन्नरजवळच्या गोठ्यात उभं राहायला धडपडणारं वासरू.

गुळाच्या पाण्यात भिजलेला कापसाचा बोळा.

बर्फाचा डबा. वर निळ्या शाईत: खाण्यासाठी नाही.

पत्र्याच्या पेटीत, अगदी तळाशी, एक कुंची. कधीच न घातलेली.

"सगळंच न्या की, मॅडम," चतुराबाई म्हणाली.

नाशिकच्या दवाखान्यात तिची सून आशा भिंतीला टेकून बसली होती. नातू शेजारी झोपला होता. आशाने हाताने पिळलेला चीक वाटीच्या तळाशी साठला होता. पिवळा, घट्ट, दोन-तीन चमचे असेल.

"नायतरी मोरीतच वतायचं. पहिलं दूध घाण असतं. पोराच्या पोटाला बाधतं."

समोर उभी असलेली योगिनी कॉलेजात संशोधन करायची. बाळंतिणींकडे नमुने मागत ती वॉर्डात फिरे आणि एरवी तिला थेंबांवर भागवावं लागे. तिने वाटीकडे पाहिलं, मग बर्फाच्या डब्याकडे. चतुराबाई बाजारात भाजी विकायची. ही नजर तिच्या ओळखीची होती. हवंय, पण घ्यायला मन होत नाही.

"मला चमचाभर पुरे," योगिनी म्हणाली. "बाकीचं बाळाला पाजा, मावशी."

"घाण म्हणलं ना! अन् घाणच हाय, तर तुम्हाला कशाला पायजे?"

योगिनीने पिशवीतून फोटो काढला. "हा पांढरा थर सगळा जंतूंचा. मधे अशाच चिकातून काढलेला थेंब टाकला होता, तिथले जंतू मेले. त्यात पेप्टाइड असतात, प्रथिनांचे बारीक तुकडे. ते जंतूंच्या अंगाला भोकं पाडतात."

"भोकं पाडत्यात? म्हंजे आमच्या नणंदबाईची जीभच की."

आशा हसली. टाके ओढले गेले, तरी हसली. मग वाटीकडे बघत हळूच म्हणाली, "आत्याबाई, आपल्या कपिली गाईच्या वासराला तुम्ही आधी चीकच पाजला. पोरं खरवसासाठी रडत व्हती, तरी दिला नाय."

"वासराचं येगळं."

पण आवाज खाली आला होता. चतुराबाईने फोटो खिडकीकडे नेला. त्या गोलावरून बोट फिरवलं, भांडं नीट घासलंय का ते बघावं तसं.

"अन् ज्यांच्या वाटचं मोरीत वतलं," तिने पाठमोरीच विचारलं, "त्यांचं काय?"

योगिनी दोन पावलं पुढे झाली. चतुराबाईच्या खांद्यावरचा पदर हलत होता.

"तेव्हा सगळेच ओतायचे, मावशी. कुणी सांगितलंच नव्हतं."

चतुराबाईने डोळे पुसले नाहीत. तिने बाळाला चोखवायला खाटेजवळ ठेवलेली गुळाच्या पाण्याची वाटी उचलली, मोरीत रिकामी केली, हात धुतले. मग चिकाची वाटी घेतली आणि योगिनीच्या बाटलीत जपून ओतू लागली. लगेचच हात वर घेतला.

"चमचाभर म्हणाले होते मी," योगिनी म्हणाली.

"अर्धाच मिळंल. आता आमचंच पुरायचं नाय."

योगिनी हसून झाकण लावू लागली.

चतुराबाईने नातवाला मांडीवर घेतलं. चमचा ओठांना लावला. त्याने चाटलं, तोंड वाकडं केलं आणि पुन्हा आ केला.

"पी रं, माझ्या वासरा," ती म्हणाली.

चतुराबाईची पहिली लेक बारशाच्या आत गेली. गुळाच्या पाण्याचा बोळा ती फार छान ओढायची.