हवा खायला आलेला पाहुणा

आगबोटीवरचा खलाशी करमअली श्रीवर्धनला आपल्या सोबत्याच्या, वहाबच्या घरी पोचला, तेव्हा दारात लेकीच्या निकाहचा मांडव उभा होता. वहाब एडनच्या वाटेवर तापाने गेला, हे त्याच्या बायकोला, सकिनाला, सांगायची करमअलीची छाती होईना.

"चार दिवस हवा खायला आलोय, भाभी," तो म्हणाला.

मग तो रोज पहाटे जीव थकेपर्यंत किनाऱ्याने चालत राही. परतल्यावर सकिना गरम तांदळाची भाकरी नि सुरमईचं कालवण आग्रहाने वाढी, आणि तो खाली मान घालून जेवे.

पाचव्या दिवशी लेक सासरी गेली. मांडव ओस पडल्यावर सकिना त्याच्यासमोर येऊन बसली.

 

"आता सांगा, भाईजान. त्यांना माती कुठे दिलीत?"