जुलैचा प्रवेश

कुंदाने नवऱ्याला कुशीवर वळवलं, पाठीशी उशी खोचली आणि फोन पुन्हा कानाला लावला.

"आई, लग्नामुळे राहिलेलं तुझं बी.ए. आता घरी बसून करता येतंय," लेक पुण्याहून सांगत होती. "लेक्चर हवं तेव्हा बघायचं, परीक्षा सवडीने द्यायची. जानेवारीचे प्रवेश सुरू झालेत. घेऊन टाक."

"जानेवारीत कसं जमेल? बाबांचं सगळं अंथरुणातच. भरवायचं, पुसायचं, सारखी कूस बदलायची. जुलैत घेईन. तोवर मोकळी होईन मी."

ती बोलून गेली आणि उशीवरचा तिचा हात तसाच राहिला. नवऱ्याचं दुखणं बरं होणारं नव्हतं. फार तर उन्हाळा काढतील, असं डॉक्टरांनी तिला बाहेर नेऊन सांगितलं होतं.

तिने फोन ठेवला. "जानेवारीतच घेते," ती घाईने नवऱ्याला म्हणाली. "तुमच्या उशाशी बसून ऐकेन लेक्चर. तुमचाही वेळ जाईल."

तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. हल्ली एकेक शब्द जुळवायला त्याला वेळ लागायचा.

"जुलैच धर," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. असता तर तिला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी तिने पेज आणली, त्याची मान हातावर घेतली आणि चमचा ओठांशी नेला. त्याने तोंड उघडलं नाही.

"एक घास. माझ्यासाठी," ती म्हणाली.

त्याने ओठ आणखी घट्ट मिटले.